चढावरची चाचणी

वर्षभर खपून डॅरिलने आपल्या फोर-बाय-फोर गाडीच्या डिझेल इंजिनाला मोठा टर्बो आणि नवा रेडिएटर बसवला. क्वीन्सलंडच्या त्या लाल मातीच्या लांब चढावर इंजिन तापतं का, एवढंच आज बघायचं होतं.

"चहा उकळेल त्यावर!" असं म्हणत बाप आपली जुनी गाडी घेऊन पुढे निघाला.

"बाबा, आज माझी धूळ खाशील तू!"

अर्ध्या चढावर बापाची गाडी कडेला उभी दिसली. स्टिअरिंग घट्ट धरलेल्या हाताचं एक बोट वर होतं. इकडे वाटेत भेटणाऱ्याला असाच रामराम करतात. डॅरिलनेही बोट उचललं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता हसत पुढे गेला.

चढाच्या माथ्यापर्यंत तापमानाचा काटा हलला नाही.

दोन तासांनी परतताना त्याने ऐटीत बापाच्या गाडीशेजारी गाडी लावली. "काय बाबा, झाला का चहा?"


बोट तसंच वर होतं. त्यावर माश्या बसल्या होत्या.