पाव सेकंद

वर्नेलनं पुन्हा बटण आधी दाबलं.

उत्तर तिला येत होतं. मघापासूनची सगळीच येत होती. पण टीव्हीवरच्या या प्रश्नमंजुषेत सूत्रसंचालकाचं वाचन संपून फळ्याच्या कडेचे दिवे लागेपर्यंत स्पर्धकांची बटणं मुकी असतात, आणि जो घाई करतो त्याचं बटण शिक्षा म्हणून आणखी पाव सेकंद मुकं राहतं. तेवढ्यात शेजारच्या डेल ओस्ट्रँडरनं सावकाश दाबलं, उत्तर दिलं आणि पुढची चौकटही मागितली. सलग अकरा भाग जिंकलेला माणूस. त्याला ना घाम, ना घाई.

बरं, चौकट तरी नीट मागावी? फळ्यावर सहा विषयांचे सहा रकाने, प्रत्येक चौकटीआड एक प्रश्न, वर सोपं, खाली अवघड. चारचौघं वरून सुरू करतात. हा खालून घुसायचा. एक रोमन सम्राटांतली, की लगेच हाडांतली, की उडी मारून बेकरीतल्या पदार्थांतली. कुठला विषय म्हणून धड बसू देत नव्हता. तिसरा स्पर्धक, टेक्सासचा एक शाळामास्तर, तर कधीच हात टेकून उभा होता.

जाहिरातींची वेळ झाली. पावडर लावणारी बाई नाकावर पफ फिरवून गेली, तशी वर्नेल डेलकडे वळली.

"एका जागी बसून जेवायची सवय नाही का रे तुला? प्रत्येक ताटातला एकेक घास उष्टा करतोस!"

डेल हसला. "दुप्पटीची चौकट शोधतोय, मॅडम. ती बहुतेक चौथ्या ओळीत लपवतात, मी जुने भाग बघून टिपून ठेवलंय. तिथे बटण लागतच नाही. ज्याला सापडली त्यानंच उत्तर द्यायचं, आणि आपल्यातले हवे तेवढे गुण लावायचे. बरोबर आलं की ते दुप्पट, चुकलं की गेले."

"छान. विषयात गोडी म्हणून नाहीच."

"रागावू नका, पण तुम्ही फार लवकर दाबता."

"ते कळतंय मला!"

कळत होतं म्हणूनच तर जीव चरफडत होता. चौतीस वर्षं मेकन गावच्या चर्चमध्ये ती नवऱ्याला, रेव्हरंड एलिसला, ऑर्गनची साथ करत आली होती. त्याचं प्रवचन बोलता बोलता गाण्यावर जायचं, आणि एकदा ते रंगलं की वाक्य पुरं होण्याची वाट बघणाऱ्याला तिथे झोपलेला समजत. तो ओळीच्या मध्यावर येई, आणि ऑर्गनसकट अख्खी सभा उरलेले शब्द त्याच्या तोंडातून काढून घेई. घरी सरावासाठी तो प्रश्न वाचायचा, ती बॉलपेन टिकटिकवायची, आणि दर वेळी तो कपाळाला हात लावायचा. "मेलं तुझं बटण! अगं बाई, मला श्वास तरी घेऊ दे!"

एकोणीस वर्षं चाचण्या देत देत ती इथवर पोचली होती. इथला नियम असा की एकदा हरलेल्याला पुन्हा येता येत नाही. आणि देवानं दिलेली बुद्धी शाबूत असताना, एका अंगठ्यापायी ती हरत होती.

खेळ पुन्हा सुरू झाला. सूत्रसंचालक वाचू लागला. वर्नेलनं डोळे मिटले आणि त्याच्या जागी एलिसला उभं केलं. ओळ संपली की एलिस खिशातून रुमाल काढून कपाळ पुसतो. संपू दे ओळ. निघू दे रुमाल. आता.

तिच्या पुढ्यातला दिवा लागला.

मग दुसऱ्यांदा लागला, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. डेलनं पहिल्यांदाच आपलं बटण उलटसुलट करून पाहिलं. तरीही त्याचे नऊ हजार दोनशे होते, तिचे चार हजार आठशे, आणि वेळ उरली होती एका चौकटीपुरती.

"बोला वर्नेल, कुठली?"

नद्यांचा रकाना अजून कोरा होता. तिला तो पहिल्यापासून हवा होता, वरून, क्रमानं, एकेक नदी. दुप्पटीची चौकट अजून कुणाला सापडली नव्हती. चौथ्या ओळीतल्या बाकीच्या पाचही डेलच्या उघडून झाल्या होत्या. तासभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याचीच चाल आता तिला खेळायची होती.

"नद्या," ती म्हणाली. आणि कडू गोळी थुंकावी तसं पुढे म्हणाली, "चौथी."

फळा लखलखला. दुप्पट. डेलच्या तोंडून बारीकसा कण्हल्यासारखा आवाज आला.

"किती गुण लावता?"

"सगळे."

"सगळे?"

"माझं बोलणं ऐकू येत नाही का तुम्हाला?"

प्रेक्षक हसले. सूत्रसंचालकानं घसा खाकरला आणि वाचायला घेतलं. "दमास्कसच्या नद्या हिच्याहून बऱ्या नाहीत काय, असं म्हणून बायबलातला सेनापती नामान संतापानं पाठ—"

"जॉर्डन!"

शब्द बाहेर पडला आणि वर्नेलनं जीभ चावली. झालं! पुन्हा! एवढं समजावलं स्वतःला, आणि पुन्हा! हात वर करून ती छताकडेच बघत राहिली.

सूत्रसंचालकाचं तोंड उघडंच राहिलं होतं, उरलेलं अर्धं वाक्य आतच. त्यानं परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे तिघांनी डोकी जवळ आणली, एकानं नियमांची वही उघडली, मिटली, आणि मान हलवली. होकाराची. वर्नेलच्या पुढ्यात आकडा उमटला, नऊ हजार सहाशे.

"आमेन!" तिसऱ्या रांगेतून गरजला एलिस, जिथे टाळीखेरीज आवाज करायला सक्त मनाई होती.

डेल मान खाली घालून आपल्या हाताकडे बघत होता. त्याचा अंगठा बटणावर दाबलेला होता.