कापसाचे बोळे

क्रांतीच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, तरी वारा सरला नव्हता. तोवर खायला काही मिळणार नव्हतं. फेऱ्या मारा, च्युइंगम चघळा, असं डॉक्टर रोज सांगत. पण नवरा ड्युटीवर आणि उशाशी दिवसभर सासरे, पिराजीआबा. त्यांच्यासमोर ती अंग चोरून नुसती पडून राहायची.

आज डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत सरला नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

आबांनी नर्सकडून कापूस मागून घेतला आणि दोन्ही कानांत बोळे कोंबले. "कान ठणकाय लागलाय, पोरी. आता हलगी वाजली तरी मला कळायचं न्हाय." मग खुर्ची खिडकीकडं फिरवून बसले.

क्रांती उठली. च्युइंगम चघळत तिनं वॉर्डात दहा फेऱ्या मारल्या. संध्याकाळी नर्सच्या कानाशी लागून ती हळूच म्हणाली, "झालं, सिस्टर."

आबांची पाठ तशीच होती, कानातले बोळेही तसेच. त्यांनी खिशातून फोन काढून शिवाजी पेठेतल्या घरी लावला.

"आगं, पेज करून ठेव. डॉक्टर हो म्हणाले की लागंल. पोरीचं पोट जागं झालं."