चूलबंद आवतान

हॅकेथॉनसाठी सृष्टी आणि प्रमोदनं बनवलेलं ॲप साधं होतं. कुणी कार्यक्रम टाकला, की एका किलोमीटरच्या आत ज्याच्या-ज्याच्याकडे ॲप असेल, त्या सगळ्यांना निरोप जायचा. दोघं कोळवण खोऱ्यातल्या एकाच गावचे, म्हणून चाचणीही तिथंच. प्रमोदनं मोठ्या तोऱ्यात पहिला कार्यक्रम घरचाच टाकला: 'रविवारी आमच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत. समस्त गावाला चूलबंद आवतान. घरी कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं.'

रविवारी दहाच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाज चढलेला.

"सृष्टे, ॲपमधी घोळ हाय. ओढ्यापल्याड पण निरोप गेलाय!"

"किलोमीटरच्या आत हाय की ते. जाणारच."

"अगं, बौद्धवस्तीत कधी आवतान दिलंय का आमी? तुला काय येगळं सांगायचं? आबा लई भडकलेत. उद्या परीक्षकांना दाखवायचंय, ती चूक आधी काढ."

सृष्टीची कानशिलं तापली. दोन वर्षं कॉलेजात हा तिच्या डब्यातली भाकरी मोडून खात होता, आणि तो डबा रोज ओढ्यापल्याडहूनच यायचा.

तिनं दाराबाहेर पाहिलं. आई ठेवणीतली साडी नेसून उभी होती. तिच्या मागं अख्खी वस्ती.

"आता उशीर झाला, प्रमोद," ती म्हणाली. "वस्तीत सकाळधरनं एक चूल पेटलेली न्हाई. पत्रावळ्या मांडायला सांग. आमी निघालोय."