रिबेकाची नोंद

लग्नाआधी मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद तपासायची, हा आमच्या मंडळीचा नियम. मी नोंदवही उघडली. रिबेकाचा बाप्तिस्मा सापडला, पण पुढे दफनाच्या पानावरही तिचंच नाव होतं, आधीच्या पाळकांच्या अक्षरात: रिबेका, वय तीन, प्लेग. आणि रिबेका तर आईबरोबर माझ्यासमोर बसली होती.

“बाई, हे काय?” मी आईला विचारलं.

“गेली ती धाकटी, करुणा. तिचा बाप्तिस्मा राहिला होता. बाप्तिस्मा नसलेल्याला मिशनचे गोरे साहेब कबरस्थानात जागा देत नव्हते. म्हणून मी हिचं नाव सांगितलं अन् हिला घेऊन माहेरी निघून गेले.”

“आता खरं ते लिहावं लागेल.”

“लिहा. पण मग साहेब माझ्या लेकराला तिथून उकरून काढतील ना?”

मी उचललेली लेखणी खाली ठेवली. साहेब अजून तेच होते.

इतका वेळ खाली बघत बसलेली रिबेका म्हणाली, “पाळकसाहेब, मलाच बाप्तिस्मा द्या. करुणा म्हणून.”

एका माणसाला दोनदा बाप्तिस्मा द्यायचा नसतो. मीच हे मुलांना शिकवतो. तरी त्या रविवारी मी पाण्यात हात बुडवला.

पुढच्या महिन्यात करुणाचं लग्न लागलं. सासरी जाणारी बैलगाडी हलली आणि आईच्या तोंडून सवयीने हाक गेली, “रिबे!”

साहेब शेजारीच उभे होते. पोरीने मागे वळून पाहिलं नाही.