सगळ्यांच्या शिट्ट्या

बुलडोझर दिसताच पहाऱ्यावरच्याने शिट्टी फुंकायची. ती ऐकली की सगळ्यांनी आपापली शिट्टी फुंकत बागेकडे धावायचं, असं बाग वाचवायला निघालेल्या वसाहतीचं ठरलं होतं. आज पहारा शिंपीणकाकूंचा होता. बुलडोझर फाटक मोडून आत घुसला, तशी काकूंनी जांभळीला पाठ टेकली आणि शिट्टी फुंकली.

“काकू, सरका! मला थांबायचा हुकूम नाही,” ड्रायव्हर ओरडला.

“आत्ता येतील सगळे!”

खरंच, चहूकडून शिट्ट्या वाजल्या. काकूंच्या जिवात जीव आला. ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला, रस्त्याकडे पाहिलं, मग वर इमारतींकडे पाहिलं. आणि बुलडोझर पुन्हा पुढे काढला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिट्ट्या खिडक्याखिडक्यांतून वाजत होत्या. काकूंच्या घरच्या खिडकीत काका गाल फुगवून सगळ्यांत जोरात फुंकत होते.