कड्यावर राहिलेला जीव

"अगं, सदरा सोड, फाटेल," सावुथ म्हणाला. फल्ला कसली ऐकतेय! डोंगरावरच्या प्रेह विहेर देवळाच्या पहिल्या पायरीवर तिने नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक जे धरलं, ते पाचही गोपुरं ओलांडून दोघं कड्याशी आली तरी तिच्या मुठीतच होतं.

गेल्या नव्या वर्षाला इथंच, खालचं रान बघायला वाकताना सावुथचा पाय घसरला होता. फल्लाने कमरेला धरून मागे ओढला म्हणून वाचला. आता, माणसाला एकोणीस जीव असतात आणि माणूस भ्याला की एखादा निसटून तिथंच राहतो, हे कुणाला सांगायला नको. सावुथचा राहिलाच होता. नाहीतर तीस वर्षं ताडावर सरसर चढणारा माणूस त्या दिवसापासून एकाही झाडावर चढला नाही, हे कसं? रस धरायची बांबूची नळकांडी कोरडी लटकत राहिली. गुळाची कढई थंड पडली. नवऱ्याच्या काळजीने फल्लाला घास उतरेना, झोपेत ती दचकून उठायची. शेवटी शेजारणीने तिला झाडलं, की काढे कसले पाजतेस, जीव राहिला तिथं जाऊन हाक मार.

म्हणून आज केळीच्या पानावर भाताची मूद, उकडलेलं अंडं आणि सावुथचा चौकडीचा पंचा. फल्लाने सगळं एका हाताने मांडलं, तेही कड्यापासून चांगलं दहा हात लांब. पुढे पाऊलच पडेना. ती हाक मारणार, तोच सावुथने पंचा उचलला.

"माझे सगळे जीव जागेवर आहेत," तो म्हणाला. "मी चढायला गेलो की तू खाली बुंध्याला मिठी मारून उभी, पांढरीफटक. तुला तशी बघून मी वर कसा जाऊ?"

फल्लाला वर्षभराचे कडू काढे आठवले. बिचाऱ्याने सगळे मुकाट्याने प्यायले होते.

सावुथने पंचा तिच्या खांद्यावर टाकला, दरीकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक दिली, "फल्लाच्या जिवांनो, घरी चला. भात वाढलाय."

"आले, आले," देवळात आलेल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे साथ दिली.

फल्ला लाजली. मग तिला कडकडून भूक लागली. तिने अंडं उचललं. अंडं सोलायला दोन हात लागतात. तिने सदरा सोडला.