सुनेचा एकच फोटो

घरच्या सुनेनं फोटो काढायचा न्हाई, हा माझाच हुकूम. म्हणून बाळंतपणात गेलेल्या रुद्राणीचा एकच फोटो होता, आमच्या लिंगायत रीतीनं समाधी द्यायच्या आधी काढलेला, मिटल्या डोळ्यांचा. बीडचा स्टुडिओवाला नव्या कॉम्प्युटरवर ते डोळे उघडून देणार होता, पण यंत्र तिसऱ्यांदा अडकलं. “मावशी, मेमरी पुरंना. तुमच्या हट्टापायी मागं कैलास पर्वत, अंगावर दागिने चिटकवलेत.” “एवढं मोठं धूड, अन् एक बाई पेलंना?” “काहीतरी काढावं लागंल.” “काढ कैलास. दागिनेबी काढ. पण नातीला आई बघू दे रे बाबा!” त्यानं नुसता चेहरा ठेवला, फोटो बारीक केला. यंत्र चाललं. “सांगा, डोळे कसे होते? काळे का घारे?” मी पडद्यावरच्या मिटल्या पापण्यांकडं बघितलं. चार वर्षं ती माझ्याच डोळ्यांपुढं वावरली. सासूकडं नजर वर करून बघायची सोय मीच ठेवली नव्हती.